पदराची उलटी बाजू

मैत्रिणींनो, येवला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राहते, पैठणी! मीही गेले ती त्यासाठीच. भाचीचे लग्न ठरलेले, पैठणीची तिला हौस, आणि "तुझी नजर चांगली आहे" म्हणून वन्संनी पैसे माझ्या हाती दिलेले. साडी आणलीच, पण तिच्याबरोबर आणखीही एक शहाणपण पदरात पडले. ते तुम्हांला सांगितल्यावाचून मला चैन पडायची नाही.

पण त्याआधी माझी एक फजिती ऐका. गेली तीन वर्षे मी घरी बेसनलाडू, चकल्या, थालीपिठाची भाजणी असे करून विकते. गिऱ्हाइके सगळी ओळखीची. मग लेकीने टुमणे लावले, "आई, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक, इन्स्टाग्रामवर टाक. चार नवी माणसं येतील." झाले, लागले टाकायला. पण माझ्या लाडवांचा फोटो काही केल्या साजरा येईना. ओट्यावरच्या ट्यूबखाली ते अगदी आजारी दिसत. शेवटी एकदा मोह झाला. इंटरनेटवरचा एक देखणा फोटो उचलला. वर चांदीचा वर्ख, पिस्त्याचे काप! आणि खाली लिहिले, 'आमचे घरगुती लाडू'.

ऑर्डरी आल्या हो! पण एका बाईंनी डबा उघडून निरोप पाठवला, "लाडू चवीला छान आहेत. पण फोटोतले कुठे गेले?" मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत, आणि मीही फोटो टाकणे सोडून दिले.

हे ओझे मनात घेऊनच मी नाशिकहून एसटीत बसले. सुमारे ८५ किलोमीटरचा रस्ता. निफाडच्या बाजूला द्राक्षांचे मळे, विंचूरच्या पुढे कांद्याने भरलेले ट्रॅक्टर. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीने बायकांचे तिकीट निम्मे केले, तेव्हापासून माझ्यासारखीला एकटीने निघायला धीर आला आहे बरं का! येवला तसे लहानच गाव, पण इतिहासाने मोठे. तात्या टोपे इथले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. आणि संक्रांतीला म्हणे सगळे गाव गच्चीवर पतंग उडवत असते.

मोठ्या दुकानांच्या पाट्या ओलांडून मी एका गल्लीत शिरले. ओळखीतून मिळालेला पत्ता होता. पुढच्याच खोलीत माग. विणकर दादा मागावर बसलेले, शेजारी वहिनी रेशीम उकलत होत्या. रेशीम बंगळूरकडचे, जर सुरतेची, कसब मात्र येवल्याचे. पदरावर मोर उमटत होता. मोराच्या निळ्याची कांडी वेगळी, हिरव्याची वेगळी, चोचीच्या लालाची वेगळी. या छोट्या कांड्यांना ते तिल्ली म्हणतात. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात अडकून माघारी येतो. दिवसभर मान मोडून बसावे तेव्हा बोटा-दोन बोटांचे काम पुढे सरकते. भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात, ते मला तिथे उभी राहिल्यावर कळले.

एवढ्यात वहिनींचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल! पलीकडे सोलापूरच्या एक बाई. वहिनींनी कपाटातून साडी काढली, उंबऱ्याजवळ उजेडात नेली आणि काय केले असेल? पदर सरळ दाखवायच्या आधी उलटा करून दाखवला!

"ताई, ही मागची बाजू बघा आधी. मोर दोन्हीकडून सारखाच दिसतोय ना? मागं धागे लोंबत नाहीत. आता पुढची बघा. आणि इथं काठाला हा एक धागा थोडा जाड आलाय, तेवढा सांगून ठेवते."

मी तर थक्कच झाले. आपल्याच मालातले वैगुण्य आपणच दाखवायचे? फोन ठेवल्यावर मी विचारलेच.

वहिनी हसल्या. "अहो, २०२० साली टाळेबंदी लागली. शिर्डीचं देऊळ बंद, तिकडून येणारं गिऱ्हाईक बंद, लग्नं लांबली. तयार साड्या कपाटात आणि घरात पैसा नाही. तेव्हा पोरानं फोनवर दुकान मांडून दिलं. पण फोनवर साडीला हात लावता येत नाही ना! मग माणूस विश्वास ठेवणार कशावर? दुकानात गिऱ्हाईक पदर उलटून बघतं. ते काम आता आम्हीच करतो."

"आणि तुमचे फोटो कोणी चोरले तर?"

"चोरतात की! आमच्या पैठणीचा फोटो लावून कुणी मशीनची साडी विकली. ज्या बाईला ती गेली, ती आम्हांलाच बोल लावायला लागली. तवापासून नुसत्या साडीचा फोटो टाकत नाही. माग, ह्यांचे हात, आमचा उंबरा, सगळं त्यात येऊ देते. उंबरा कोण चोरणार?"

मैत्रिणींनो, मी मान खाली घातली. कुणाचा तरी फोटो चोरणारी तीच तर मी होते!

भाचीची साडी ठरवून, चहा घेऊन मी त्यांच्याकडून जे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही लोणची करा, ब्लाउज शिवा की क्रोशाचे रुमाल विणा. फोटो खिडकीच्या उजेडात काढावा, सकाळचा उत्तम. तयार वस्तूबरोबर ती करतानाचाही काढावा. किंमत, वजन आणि पाठवणीचा खर्च तिथेच लिहावा, "किंमत विचारा" म्हणून ताटकळत ठेवू नये. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप २०१८ पासून आहे. त्यात मालाची यादी, पत्ता, वेळ घालता येते, म्हणजे घरचे निरोप आणि गिऱ्हाइकांचे निरोप यांची खिचडी होत नाही. रोज पाच फोटोंचा मारा करू नये, लोक वैतागतात. खाण्याचे पदार्थ घरून विकत असाल तरी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. आणि हे तर गाठीच बांधा, की पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगेल तो लबाड समजावा.

हो, आणि पैठणी घ्याल तेव्हा पदर उलटून पाहायला विसरू नका. येवला आणि पैठणच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अस्सल मालाचा दाखला आणि पक्की पावती मागायला संकोच कसला?

घरी आले, दुसऱ्या दिवशी लाडू वळले. खिडकीत ताट ठेवले. वर्ख नाही, पिस्ते नाहीत. एक लाडू थोडा चपटा झाला होता, तोही राहू दिला. कढई आणि माझा पिठाचा हातही फोटोत आला. खाली लिहिले, 'आज सकाळी केलेले'. मग धीर करून त्या रुसलेल्या बाईंना निरोप पाठवला, "मागचा फोटो माझ्या लाडवांचा नव्हता. चूक झाली. हे माझे."

दोन निळ्या खुणा उमटल्या आणि दोन दिवस काही नाही. मी आशा सोडली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, "तो चपटासुद्धा चालेल. अर्धा किलो पाठवा."