अंगठी सापडली!

रात्रीचे पावणेतीन वाजले होते, व्हेनेशिया लंडन सोडून त्याच्याकडे निघाली होती, आणि मी पलंगावर उठून बसले. मोठ्याने म्हणाले, "जा गं बाई, लवकर पोच!" शेजारच्या खोलीतून भाची धावत आली. तिला वाटलं, मावशीला काहीतरी झालं. झालंच होतं! एकसष्टाव्या वर्षी मला प्रेमकादंबरी सापडली होती, आणि हे कुणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात टेबलामागे एक कपाट होतं. त्यातल्या सगळ्या पुस्तकांना एकाच खाकी कागदाची कव्हरं असत. मिल्स अँड बून त्यातच, आणि लोक दबक्या आवाजात ज्यांना 'पिवळी पुस्तकं' म्हणत तीही त्यातच. अकरावीत असताना मी त्यातलं एक मागितलं, तर ग्रंथपालांनी चारचौघांसमोर सांगितलं, "तसली पुस्तकं तुझ्यासाठी नाहीत." मी मान खाली घालून घरी आले. पुढे एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं, शाकुंतल शिकवलं, मेघदूत शिकवलं, पण ते कपाट डोक्यात जसंच्या तसं राहिलं. एक कपाट, एक कागद, आत सगळं एकच.

गेल्या महिन्यात ठाण्याला भाचीकडे राहायला गेले. तिच्याकडे भिंतभर या कादंबऱ्या, आणि एकालाही कव्हर नाही! मी विचारलं, "हे सगळं तसलंच ना गं?" ती म्हणाली, "मावशी, रोमान्स वेगळा आणि इरॉटिका वेगळी. दोन्हीत चांगलं असतं, दोन्हीत वाईट असतं. तू आधी हे वाच." आणि हातात जॉर्जेट हेयरची 'व्हेनेशिया' ठेवली. १९५८ सालची.

काय पुस्तक आहे हो! व्हेनेशिया लॅन्यन, पंचवीस वर्षांची, बुद्धिमान, देखणी, यॉर्कशरमधल्या आपल्या घरात अडकून पडलेली. शेजारच्या इस्टेटीचा मालक लॉर्ड डॅमरेल, ज्याच्या भानगडी अख्खा मुलूख चघळतो. पहिल्याच भेटीत, ती ब्लॅकबेरी तोडत असताना, ओळख ना पाळख, तो तिचं चुंबन घेतो. तेवढं मला आजही खटकतं. मी मनात म्हटलं, झालं, आता पुढे हेच. पण पुढे काय होतं? ती दोघं बोलतात! तिचा धाकटा भाऊ ऑब्री घोड्यावरून पडतो, त्याला डॅमरेलच्या घरी ठेवावं लागतं, ती रोज त्याला बघायला जाते, आणि ती दोघं बोलत राहतात. एकानं कवितेची ओळ काढावी, दुसऱ्यानं ती ओळखावी. दोघांना एकाच क्षणी एकाच गोष्टीचं हसू यावं. तिला जन्मात पहिल्यांदा मित्र मिळतो. शेजघराचा प्रसंग पुस्तकात एकही नाही, आणि तरी ती दोघं एका खोलीत आली की माझ्या तळहातांना घाम सुटायचा.

आणि मग तो मागे सरतो. प्रेम आहे म्हणूनच मागे सरतो! आपल्या बदनामीची सावली तिच्यावर पडू नये म्हणून तिला लंडनला जाऊ देतो. तिथे तिला कळतं, की जिला आपण मेलेली समजत होतो ती आपली आई जिवंत आहे आणि तिची बदनामी डॅमरेलच्या बदनामीला भारी आहे. दुसरी कोणी हे ऐकून कोसळली असती. व्हेनेशियाच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडतो. ज्या कलंकापासून तो मला वाचवतोय तो तर माझ्याच घरात आहे! पावणेतीन वाजता मी उठून बसले ती इथे.

सकाळी चहा घेताना भाचीनं दुसरं पुस्तक पुढे केलं. पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंचं, २००३ सालचं, प्रेमकादंबरीचा इतिहास आणि तिची घडण सांगणारं. रेजिस म्हणतात, या कादंबरीत आठ गोष्टी असाव्याच लागतात, क्रम मागेपुढे झाला तरी चालेल. ही माणसं ज्यात राहतात तो समाज, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, मग एक असा क्षण जेव्हा सगळं संपलं असं वाटतं (याला रेजिस मृत्यूचा क्षण म्हणतात), मग अडथळ्यावरची किल्ली सापडणं, आणि शेवटी दोघांचं ठरणं. सातव्या गोष्टीला त्यांनी जो शब्द वापरलाय त्याचा सरळ अर्थ 'ओळख पटणं'.

ओळख पटणं. चहाचा कप माझ्या हातातच राहिला. संस्कृतात त्याला काय म्हणतात? अभिज्ञान!

अहो, शाकुंतल! आश्रमातली भेट. कमळाच्या पानावर नखांनी कोरलेली कबुली. अडथळा दुर्वासाचा शाप. पाचव्या अंकात भर दरबारात दुष्यंत तिला ओळखत नाही, तो मृत्यूचा क्षण. सहाव्यात कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते, ओळख पटते. सातव्यात मारीचाच्या आश्रमात पुन्हा भेट. गांधर्वविवाह आधीच होऊन गेलेला आहे, हा फरक मला मान्य. पण बाकी सगळं जागच्या जागी! कालिदासानं सातवी खूण नाटकाच्या नावातच घातली आहे, एकतीस वर्षं मी ते नाव फळ्यावर लिहिलं, आणि ते मला ठाण्याच्या स्वयंपाकघरात कळलं.

मग एकेक दार उघडतच गेलं. काव्यशास्त्रकार मम्मटानं विप्रलंभ शृंगाराची, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमाची, पाच कारणं सांगितली आहेत. अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास, शाप. हे पाच अडथळेच की! डॅमरेलनं स्वतःहून ओढवून घेतलेला दुरावा मी यातल्या कुठल्या खान्यात घालू, यावर मी आणि भाचीनं अर्धी दुपार घालवली. मी विरहावर ठाम आहे.

आता दुसरी बाजू. "मग इरॉटिका म्हणजे काय?" मी विचारलं, तेव्हा तिनं अनाईस निनची 'डेल्टा ऑफ व्हीनस' काढून दिली. निनबाईंनी या कथा १९४०च्या दशकात एका अनाम गिऱ्हाइकासाठी लिहिल्या, पानाला एक डॉलर या दरानं. त्या गिऱ्हाइकाचा निरोप यायचा, की कविता गाळा, फक्त शरीराचं लिहा. बाई चिडल्या, त्यांनी त्याला खरमरीत पत्र लिहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली पुस्तक आलं. मी ते वाचलं. काही कथा मला झेपल्या नाहीत, एकदोन तर नकोशाच वाटल्या. पण जिथे ती लेखणी लागते तिथे लागते. वासना हीच तिथे कथेची नायिका आहे. ती एका माणसात कुठून उगवली, तिनं त्याला कुठे नेलं, त्याला स्वतःबद्दल काय दाखवलं, एवढंच त्या कथेला सांगायचं असतं. ती दोघं पुढे एकत्र राहिली का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. आणि त्या गिऱ्हाइकाला हवं होतं ते तिसरंच. कविता काढून टाकल्यावर जे उरतं ते पिवळं पुस्तक.

हेही आपल्याकडे आहे! आपल्याच भाषेच्या आजीत आहे. हाल सातवाहनाच्या नावानं ओळखली जाणारी गाथा सप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. स. आ. जोगळेकरांनी तिची मराठी आवृत्ती १९५६ साली काढली. गोदावरीकाठची झाडी, शेतं, वाटसरू, चोरून भेटणाऱ्या बायका, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका. दोन ओळींत एक क्षण, आणि गाथा संपली. पुढे काय झालं? विचारायचंच नाही. तो एक क्षण खरा उतरला, की तिचं काम झालं.

शाकुंतल मात्र पाचव्या अंकात संपलं असतं तर? मी हे भाचीला म्हटलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. फसवलं गेल्यासारखं वाटलं असतं! रोमान्स वाचणाऱ्याला शेवटाचं वचन दिलेलं असतं. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लेखकांची संघटना निघाली, तिनंही व्याख्येत दोनच अटी घातल्या. प्रेमकथा मध्यभागी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. शरीराबद्दल अट नाहीच. हेयर दार बंद ठेवते. १९७२ साली कॅथलीन वुडिविसनं 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'मध्ये ते दार सताड उघडलं (त्यातली सुरुवातीची जबरदस्ती मला असह्य झाली, पुस्तक मी मिटलं), तरी तीही रोमान्सच. म्हणजे चुंबनं मोजून काही कळत नाही. एकत्र घालवलेल्या रात्रीनंतर त्या दोघांच्या नात्यात काय बदललं, हे पुस्तकाला सांगायचंय का, ते बघायचं.

आणि आपण मोजत बसलो! चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि घरंच्या घरं तो बघायला गेली. कायद्याला एकच प्रश्न विचारता येतो, अश्लील आहे की नाही. वाचकाला आणखी कितीतरी विचारता येतात. ही गोष्ट दोघांची आहे की एका ओढीची? तिनं मला कशाचं वचन दिलंय? ते पाळलं का?

महिन्याभरात हेयरच्या नऊ कादंबऱ्या झाल्या, दहावी उशाशी आहे. गाथा सप्तशती पुन्हा पहिल्यापासून लावते आहे, रोज पाच गाथा. हेयर आणि गाथा, दोन्ही दिवाणखान्यात, उघड्या फडताळात शेजारी शेजारी ठेवली आहेत, बिनकव्हराची.

तुमच्यापैकी कुणी भाषांतर करत असेल, तर 'व्हेनेशिया' मराठीत आणा. डॅमरेल आणि तिचं बोलणं नीट उतरायला हवं, बाकीचं जमेल. मुद्रितं तपासायला मी बसेन, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एक पैसा न घेता.