वारं फिरलं म्हणून थांबणाऱ्याचा रोज



परवा कपाशीत फवारणी चालू होती. साडेदहाच्या सुमाराला मामांनी पंप बांधावर उतरवला. म्हणाले, "दादा, वारं फिरलंय. औषध तोंडावर येतंय. आता नको."

एक एकर राहिलेलं, औषध टाकीत कालवलेलं. "थोडंच हाय, घ्या उरकून" असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण गिळलं.

गिळलं, कारण दोन वर्षांपूर्वी याच रानात एका गड्याला चक्कर आली होती. सकाळपासून त्याला मळमळत होतं, घाम फुटत होता, पण तो बोलला नाही. पैसे पंपाच्या हिशोबानं ठरलेले. थांबला की पंप कमी, पंप कमी की पैसे कमी. ती पद्धत मीच ठेवलेली. दवाखान्यात नेला, वाचला. दोष मी त्यालाच दिला, की तोंडाला फडकं का नाही बांधलंस?

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी माणसाच्या उंचीची झालेली, वरून ऊन, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. तेव्हाही बऱ्याच जणांनी बोट मजुरांकडंच दाखवलं, की काळजी घेतली नाही म्हणून. पण काळजी घेणाऱ्याला आपण कधी काय दिलं, हे कुणी विचारत नाही.

खरं सांगू? एखादी सरी सुटली तर आपण बांधावरून ओरडतो. पण नोझल तुंबल्यावर तोंडानं न फुंकता जुन्या ब्रशनं साफ करणाऱ्याला कधी दोन शब्द बोललोय का? गडी हुशार असतो. मालकाचं लक्ष कशावर आहे हे त्याला बरोबर कळतं.

म्हणून यंदा चार गोष्टी बदलल्या.

१) फवारणीला दिवसाचा रोज. वारं किंवा ऊन वाढल्यामुळं थांबलं तरी रोज पूर्ण.

२) चांगलं दिसलं की तिथंच, नेमकं बोलायचं. "मामा, वाऱ्याकडं पाठ करून चाललात, बरं केलंत." नुसतं "छान" म्हटलं तर कशाला छान म्हटलं ते कळत नाही.

३) औषध मोजताना हातमोजे आधी मी घालतो. बाटलीतलं औषध बिनपाण्याचं, सगळ्यात जहाल ते तेव्हाच. मालक उघड्या हातानं कालवत असेल तर गड्याला सांगायला तोंड नाही.

४) "हंगामात कुणाला त्रास झाला नाही तर बक्षीस" असलं काही ठेवायचं नाही. बक्षीस जाईल म्हणून माणूस त्रास लपवतो. कौतुक सांगणाऱ्याचं करायचं.

त्या दिवशी मामांना सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही थांबलात ते बरं झालं." पूर्ण रोज दिला. संध्याकाळी वारं पडल्यावर राहिलेलं एकर मारून झालं. आता औषधही थोडं थोडंच कालवतो, म्हणजे थांबायला जड जात नाही.

दुसऱ्याच दिवशी सोबतचा पोरगा आपणहून म्हणाला, "दादा, डोकं जड झालंय, डोळ्यापुढं अंधुक दिसतंय." लगेच कपडे बदलायला लावले, साबणानं अंग धुतलं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडं गेलो. बाटली न्यायचीच, कारण कोणतं विष आहे त्यावर उपचार ठरतो. पोरगा संध्याकाळी घरी आला. आदल्या दिवशी मामांना मी "उरकून घ्या" म्हटलं असतं, तर हा बोलला असता का?

बाटलीवरचा त्रिकोण बघत जा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे बिनधास्त, असं नाही.

तुमच्याकडं फवारणीचा हिशोब पंपावर की रोजावर? कमेंटमध्ये सांगा. आणि उद्या रानात गेलात की गड्याची एक तरी बरोबर गोष्ट शोधून त्याला तोंडावर सांगा.