हिशेबाची तिसरी प्रत

‘रेड’ हा शब्द कानी पडला की व्यापारी मनुष्यास प्रथम आयकर खात्याची धाड आठवते. नळदुर्ग येथे कापडाचे दुकान चालविणारा माझा पुतण्या गेल्या दिवाळीत म्हणाला, “काका, घरच्या संगणकाला रेड जोडायचे आहे,” तेव्हा मलाही क्षणभर तेच आठवले. त्याला अभिप्रेत होती ती गोष्ट निराळी. दोन वा अधिक हार्ड डिस्क एकत्र बांधून त्यांचे एक भांडार करण्याची ही पद्धत. 1988 मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी ती मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात आणि एखादी निकामी झाली तरी काम थांबू नये, हा विचार व्यापाऱ्यास सहज पटणारा आहे.

पुतण्याची चिंता रास्त होती. दुकानाचे सारे हिशेब एकाच जुन्या डिस्कवर होते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. ते नाहीसे झाले तर उधारीही बुडते आणि चौकशीत दाखविण्यास पुरावाही उरत नाही.

रेडच्या ‘शून्य’ प्रकारात माहिती दोन डिस्कवर विभागून लिहिली जाते. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सर्वच जाते. हिशेबासाठी तो वर्ज्य. ‘एक’ प्रकारात प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर आरशाप्रमाणे जशीच्या तशी उमटते. दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा दोनच टेराबाइट मिळते. दुसरीची किंमत विम्याचा हप्ता समजावी. ‘पाच’ प्रकारास किमान तीन डिस्क लागतात. छोट्या दुकानास त्याची गरज नाही.

खरी काळजी जुन्या डिस्कची असते. डिस्क संचात घेताना तिच्यावरील माहिती बहुधा पुसली जाते. म्हणून आम्ही जुनी डिस्क संचाबाहेरच ठेवली. आधी तिची पूर्ण प्रत एका सुट्या डिस्कवर घेतली आणि ती उघडून ताळेबंद जुळतो का ते पाहिले. मग समान आकाराच्या दोन नव्या डिस्क बसवून विंडोजमधील ‘स्टोरेज स्पेसेस’ या सोयीने त्यांची जोडी केली व हिशेब तिच्यावर आणले. वीज अचानक गेल्यास लेखन अर्धवट राहू नये म्हणून यूपीएसही जोडला.

“काका, चिंता मिटली,” पुतण्या म्हणाला. मी म्हटले, “अर्धीच.” आरसा चूकही तितक्याच प्रामाणिकपणे दाखवितो. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, व्हायरसचेही तसेच. आग वा चोरी झाली तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत सापडतात. बँकेत तिजोरीच्या जोडचाव्या त्याच शाखेत न ठेवता दुसरीकडे ठेवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

आपल्या समाजाने ते फार मोठ्या ठेव्याबाबत दाखविले आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपली गेली, पण एकाच स्थानी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद प्रभृतींच्या प्रयत्नांनी तिच्या नकला करण्यास आरंभ झाला. 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून तिचा पहिला भाग छापून प्रसिद्ध केला. आज ती अनेक गावांच्या ग्रंथभांडारांत आहे; एका ठिकाणी आपत्ती आली तरी ती लोप पावणार नाही.

म्हणून हिशेबाचीही तिसरी प्रत हवी. दर शनिवारी दुकान वाढविल्यावर पुतण्या सुट्या डिस्कवर प्रत घेतो आणि ती संगणकापासून लगेच अलग करतो. अशा दोन डिस्क आहेत. खरेदीसाठी सोलापूरला जाताना तो एक आत्याच्या घरी ठेवतो व तेथील दुसरी घेऊन येतो.

श्रुतपंचमीस आपण ग्रंथ बाहेर काढतो, धूळ झाडून नव्या वेष्टनात बांधतो. त्याच दिवशी सोलापूरची डिस्क उघडून त्यात एखादे जुने बिल सापडते का, हे पाहण्याचे आम्ही ठरविले आहे. उघडून न पाहिलेली प्रत जमेस धरू नये.