चौलचे साचे

थळहून पहाटे निघालेल्या होडीला खांदेरी-उंदेरीच्या पुढे मतलई वारा मिळाला, तसं नाखव्यानं इंजिन बंद केलं. शीड बाळगणारे आता फार थोडे, हा त्यांतला. डावीकडे कुलाबा किल्ला गेला, आक्षी गेलं, नागाव गेलं, आणि मग सुरूंची काळी रेघ सुरू झाली. तिच्याआड चौल आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं. एके काळी ते समुद्रालाच ठाऊक होतं.

अरबांच्या लिखाणात हे सैमूर. दहाव्या शतकात अल-मसूदी इथं येऊन गेला. 1470च्या आसपास रशियातल्या त्वेरचा अफनासी निकितिन होर्मुझहून विकायचा घोडा घेऊन इथंच उतरला. वास्को द गामाचं नावही तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. निकितिनचं स्मारक चौलला लागूनच्या रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. घोड्याचं नाही, एवढा समुद्र त्या बिचाऱ्यानंही ओलांडला होता.

कुंडलिकेच्या मुखाशी होडी लागली. समोर कोर्लईचा डोंगर, अलीकडे रेवदंड्याचा कोट. 1521 साली निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला आणि पुढे 1570-71मध्ये निजामशाही फौजेनंच त्याला वेढा घातला. कोट तगला. आज तटातून थेट डांबरी रस्ता गेलाय आणि एस.टी. हॉर्न वाजवत किल्ल्यात शिरते. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, शिंपणाचे पाट, आणि मधेच एखादी कमान, जिच्या मागे चर्च उरलेलं नाही. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात, खण आता सात नाहीत. पायथ्याशी दगडांच्या सांध्यात मुळं अशी घुसलीत की भिंतीनं झाडाला धरलंय की झाडानं भिंतीला, कळत नाही.

पण मी आले होते ते तोफा-बुरुजांसाठी नव्हे. चौल हे विणकरांचं गाव होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी इथल्या रेशमी कापडाची तारीफ करून गेला. पुढे इंग्रज कंपनीच्या हाती मुंबई आली. बेटावर कसबी हात हवे होते, म्हणून चौलच्या विणकरांना तिकडे नेलं, त्यांच्यासाठी घरांची एक गल्ली उभारली. 1740 साली कोट मराठ्यांकडे आला तोवर व्यापार मुंबईच्या वाटेला लागलेला होता. कोर्लईच्या पायथ्याशी अजून काही घरांत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. विणकरांचं तेवढंही इथं दिसत नाही. साच्यांचे, म्हणजे मागांचे, खड्डे कुठे होते, ते वाडीवाल्यालाही माहीत नव्हतं. त्यानं शहाळं सोलून हातात दिलं.

माझे बाबा कापड गिरणीच्या साचेखात्यात होते. लालबागला, तीन पाळ्यांत. साच्यांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून तिथं सगळे ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. घरी मात्र बाबा जन्मभर ओरडूनच बोलले. चहा मागितला तरी शेजारी दार उघडून बघत. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. मुंबईला आता ना विणकर हवे होते ना साचे. तिनं चौलला जे केलं, ते पुढे स्वतःच्या लालबाग-परळलाही केलं, आणि मला ह्यात कसलाही नियतीचा खेळ वगैरे दिसत नाही. जमिनीचा भाव दिसतो.

2016मध्ये पनवेलजवळच्या कोनमधल्या 2,417 घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली. त्यांतलं एक आमचं. लहान खोल्या जोडून केलेलं. बाबा त्याआधीच गेले. आमच्या जिन्यावर अजून दोन-तीन म्हातारे आहेत, ते एकमेकांशी खालच्या गेटवरून चौथ्या मजल्यावर हातवारे करून बोलतात. पोरं हसतात.

चौल सोडताना त्या विणकरांनी आपले साचे सोडवले असतील, लाकडं मोजून बांधली असतील, फण्या फडक्यात गुंडाळून मचव्यात चढवल्या असतील. मुंबईला उतरल्यावर पुन्हा जोडायला ते त्यांचे होते. बाबांचा साचा गिरणीचा होता. तो भंगारात किलोवर गेला.