नमुना

लंडनमधला तो शेवटचा दिवस. २०१५ च्या नोव्हेंबरातली पावसाळी सकाळ; रात्री परतीचे विमान. सोबतची मंडळी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदीला गेली. मी मात्र खांद्यावरची चांप्याची कोशाची शाल सावरत, भिजतच साउथ केन्सिंग्टन गाठले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय वस्त्रांचे प्रदर्शन भरले होते. आठवडाभर राजवाडे आणि पूल पाहून झाले होते. बाबांना सांगता येईल असे काही अजून पाहायचे होते.

बाबांनी आयुष्यभर रायपूरच्या पंडरीतल्या कापडबाजारात एका पेढीवर हिशेब लिहिले. उपजीविका आकड्यांची, जीव मात्र कापडात. ‘कापड बोटांनी वाचायचं,’ असे ते म्हणत. पुढे दृष्टी गेली, तेव्हा बोटांची ही विद्या तेवढी उरली.

प्रदर्शनात टिपू सुलतानाचा छापील सुती तंबू उभारला होता. मी त्याच्याखाली उभी राहिले. आणखीही कितीतरी वस्त्रे होती. पण हात कशालाच लावता येत नव्हता. तेव्हा फोर्ब्स वॉटसन आठवला. १८६६ मध्ये त्याने भारतीय कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच निघाले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये राहिले आणि ७ भारतात आले. तिथल्या कारखानदारांनी आमचे कापड पाहावे, चाचपावे आणि तसेच विणून आम्हालाच विकावे, हा हेतू. व्यापार होता तोवर बोटांना मुभा होती. आता जतन करायचे, म्हणून मनाई. मनाई योग्यच होती. तरीही मला रितेपण जाणवले.

पंडरीला पोहोचताच बाबांनी विचारले, ‘‘पोत कसा होता गं?’’

‘‘हात लावू देत नाहीत, बाबा.’’

‘‘मग अर्धंच पाहिलंस.’’

मी गप्प राहिले. त्यांनी माझ्या शालीचा काठ चिमटीत धरला. अंगठा सावकाश पुढे सरकला, एका जागी थबकला.

‘‘शाल भिजली होती वाटतं. तिकडे पाऊस फार का?’’

मग मी त्यांना लंडन सांगू लागले. चिमटीतला काठ त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.