घरचा पहारेकरी आणि संगणकाची दमछाक

संगणक मंदावला कीं हल्लीं घरोघर एकच सल्ला ऐकूं येतो : त्याचा पहारेकरी बंद करा. विंडोजच्या यंत्रांत ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, तर ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ अशा लांबलचक नांवाची ओळ पुष्कळदां सर्वांच्या वर दिसते. ही ओळ म्हणजे डिफेंडर. 2012 सालच्या विंडोज 8 पासून हा विषाणुरोधक यंत्राबरोबरच येऊं लागला. तत्पूर्वीं असला कार्यक्रम बहुधा निराळा आणून बसवावा लागे. (अशांपैकीं पुण्याच्या ‘क्विक हील’चे जनक कैलास व संजय काटकर हे बंधू मूळचे आपल्याच सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे, हें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.)

पहारेकऱ्याचें काम दोन प्रकारचें. फाईल उघडतांच ती दारांतच तपासणें हें एक. आणि ठराविक काळानें साऱ्या कोठारांतून फेरी मारणें हें दुसरें. नेमलेल्या फेरींत प्रोसेसरचा सरासरी निम्म्याहून अधिक वेळ घेऊं नये अशी मर्यादा मुळांतच घातलेली असते. दारावरच्या तपासणीस ती लागू नाहीं. झिप करून बांधलेलें गांठोडें दिसलें, तर फेरीच्या वेळीं तो तें सोडून आंतील एक एक वस्तु पाहतो. त्यांत यंत्राची तबकडी जुनी, फिरती असली, म्हणजे हजारों बारीक फायलींसाठीं ती इकडून तिकडे धांवत राहते आणि तुमची चार ओळींची चिठ्ठी रांगेंत तिष्ठत उभी राहते.

आमच्या म्हसवडच्या घरीं संगणक एक आणि वापरणारीं माणसें अकरा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस सिद्धनाथाचा रथ निघतो, त्यास पुण्या-सांगलीकडचे आप्त आले आणि जातांना हजारों छायाचित्रें यंत्रांत ओतून गेले. कांहींनीं तींच पुन्हां झिप करूनही ठेविलीं. आठवडाभरांत वहिनींचा जमाखर्च उघडण्यास दोन-दोन मिनिटें लागूं लागलीं. पुतण्या म्हणाला, “काका, पहाराच काढून टाकूं.”

आम्हीं प्रथम यंत्र केव्हां अडतें तें पाहिलें. पहारेकऱ्याची रीत अशी कीं यंत्र मोकळें असतांना फेरी करावी. परंतु वहिनी काम संपतांच भिंतीवरचें बटण बंद करणार. माणदेशांत पाण्याचा थेंब जपणाऱ्या माणसांना वीजही जपण्याची संवय असते. मग बिचाऱ्यास मोकळा वेळ मिळणार कोठून? ‘टास्क शेड्यूलर’मध्यें फेरीची वेळ दुपारच्या जेवणाची लावून दिली. झिपचीं गांठोडीं बाहेरच्या डिस्कवर हलविलीं. जुनी तबकडी काढून एसएसडी घातली, आणि खरें सांगावयाचें तर सर्वांत मोठा फरक तिनेंच पडला.

पुतण्याची दुसरी सूचना, सबंध ‘डी’ भागच तपासणींतून वगळावा, ही. तीही आम्हीं मानली नाहीं. वगळणें म्हणजे तेवढ्या दारावरचा पहारा उठविणें, आणि त्या भागांत आमच्या घराण्याचे वाटपाचे मोडी कागद आहेत. मूळ कागदांचा निम्मा भाग वाळवीनें खाल्ला. उरल्या आहेत त्या या प्रतिमाच. 2017 च्या जूनमध्यें ‘नॉटपेट्या’ नामक उपद्रवानें मर्स्क कंपनीचे संगणक निकामी केले, तेव्हां मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या धक्क्याचेंही काम थांबलें होतें. पहारा असला म्हणजे असलें संकट टळतेंच असें नव्हे. म्हणून त्या कागदांची एक प्रत आतां यंत्रापासून तोडलेल्या डिस्कवर कपाटांत ठेविली आहे.

पहारेकरी नेहमींच निर्दोष असतो असाही आमचा दावा नाहीं. फायरफॉक्स चालूं असतां डिफेंडर प्रोसेसर अतोनात खातो, ही तक्रार 2018 मध्येंच नोंदविली गेली होती. एका साध्या घटनेची दखल घेण्यासाठीं तो नाहक फार मोठी खटपट करतो, हें मोझिलाच्या तंत्रज्ञांनीं शोधून काढलें, आणि 2023 च्या वसंतांत मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती दिली. वापरणाऱ्यांनीं कितीही वेळा फेरीची वेळ बदलली असती, तरी त्या खोडीवर उपाय नव्हता. नवी आवृत्ति घेणें हाच उपाय होता. आमच्याकडे पुतण्यानें हें अद्ययावतीकरण ‘उद्यां, उद्यां’ करीत महिनाभर ढकललें होतें. अखेर एके रविवारीं तात्यांनीं खुर्ची ओढून त्याच्याशेजारीं ठाण मांडलें, आणि शेवटचा टक्का पुरा होईपर्यंत त्याला चहासही उठूं दिलें नाहीं.