अबोला आणि स्वेटर

मित्रांनो, घरात एखादा लोकरीचा स्वेटर असेल तर घेऊन या पाहू. हो, आत्ताच! मी थांबते.

आणलात? आता तो खिडकीपाशी उजेडात धरा आणि अगदी जवळून बघा. साध्या विणीचा असेल, तर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या खुणांच्या उभ्या रांगा दिसतील. त्यातला एकेक 'व्ही' म्हणजे एकेक टाका. आता स्वेटर हलकेच आडवा ताणा आणि सोडून द्या. ताणला गेला आणि परत जागेवर आला ना? तुमच्या शाळेच्या शर्टाचं कापड असं ताणलं जात नाही. कारण ते मागावर विणलेलं असतं, त्यात उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे. धनगरांची घोंगडीसुद्धा लोकरीचीच, पण तीही मागावरची. हाताने विणलेल्या स्वेटरचं तसं नसतं. त्यात एकाच धाग्याच्या एका फासातून दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा असे हजारो फास ओढून काढलेले असतात. म्हणून तो ताणला जातो. आणि म्हणूनच शेवटचं टोक सोडवून ओढलं, की विणला त्याच्या उलट क्रमाने तो भराभरा उसवत जातो. हातात पुन्हा धागा तो धागाच!

एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. (आणि कृपा करून आईचा स्वेटर उसवून बघू नका. उगाच माझं नाव सांगाल!)

मी विणायला शिकले ते आठवीत, १९८८ साली. आम्ही तेव्हा नाशिकला राहायचो. नाशिकची थंडी तुमच्यापैकी कुणी अनुभवली असेल, तर स्वेटरचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. आमच्या शेजारच्या काकू दुपारची कामं आटोपली की ओट्यावर विणत बसायच्या. बोलणं आमच्याशी, लक्ष रस्त्यावर आणि हात मात्र सुयांवर! मला वाटायचं, यात काय अवघड आहे? म्हणून एके दिवशी त्यांच्याकडून ९ नंबरच्या सुया आणि उरलीसुरली लोकर मागून आणली. त्या दिवशी एक गंमत कळली. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १२ नंबरची सुई ८ नंबरच्या सुईपेक्षा बारीक असते.

माझी पहिली वस्तू म्हणजे मफलर. काकूंनी ३० टाके घालून दिले. सुलट टाका कसा घ्यायचा ते दाखवलं. मी तीन दिवस मान खाली घालून विणत होते. वीतभर विणून झाल्यावर बघते तर मफलर खाली अरुंद आणि वर रुंद, अगदी सुपासारखा! टाके मोजले तर ४१. जास्तीचे अकरा टाके कुठून आले, देव जाणे. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "धागा चुकून सुईवरून पुढे येतोय तुझा. दर वेळी एक टाका वाढतोय. ओळ संपली की मोजत जा गं बाई!"

तेव्हापासून मी मोजायला लागले. दुसरी वस्तू मावशीच्या बाळाची टोपी. ती बरी झाली, म्हणजे बाळाला झाली नाही, पण बाहुलीला अगदी मापात बसली. तिसऱ्या वेळी मी एकदम स्वेटरच घ्यायचा ठरवला. त्यामागे एक कारण होतं आणि ते सांगायची मला आजही थोडी लाज वाटते.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सहावीत होता. नोव्हेंबरमध्ये त्याला गणिताच्या चाचणीत वीसपैकी चार गुण मिळाले. त्याने तो पेपर गादीखाली लपवला. मी तो बघितला. आणि त्या दिवशी आमचं कॅरमवरून भांडण झालेलं असल्यामुळे मी तो सरळ नेऊन बाबांच्या हातात दिला. बाबा जास्त ओरडले नाहीत. त्यांनी फक्त शांतपणे सांगितलं, की या वर्षीची सहल रद्द. आठ दिवसांनी त्याचा सगळा वर्ग एस.टी.त बसून सहलीला गेला आणि हा गॅलरीत उभा राहून कोपऱ्यावरून जाणारी गाडी बघत राहिला. रडला नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला.

तुमच्याकडे होतो का हो अबोला? आमचा अबोला म्हणजे मोठी मजेशीर गोष्ट होती, बघणाऱ्यांसाठी. जेवताना मीठ माझ्याजवळ असलं तर तो म्हणायचा, "आई, तिला सांग मीठ सरकव." मी म्हणायची, "आई, त्याला सांग हात पुरतो तुझा." आई दोघांच्या मध्ये बसून टेलिफोन एक्स्चेंज झाली होती! पहिले दोन दिवस मलाही गंमत वाटली. मग दोन आठवडे झाले, तीन झाले. रात्री शेजारच्या गादीवरून येणारे कोड्यांचे, चित्रपटातल्या नकलांचे आवाज बंद झाले. 'माझं चुकलं' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण ते काही केल्या तोंडातून फुटेनात.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की याला संक्रांतीला स्वतः विणलेला स्वेटर द्यायचा. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणायचं आणि स्वेटर पुढे करायचा. झालं! माफी मागायलाच नको.

साठवलेल्या पैशांत थोडी आईने भर घातली आणि मी २५० ग्रॅम बाटलीहिरवी लोकर आणली, चांगली मेंढीची. काकूंकडून विणकामाचं पुस्तक आणलं. त्यात 'दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा स्वेटर' असा नमुना होता. सुया ९ नंबरच्या, मागच्या भागाला ७७ टाके. पानाच्या सुरुवातीला लिहिलं होतं, की आधी नमुन्याचा चौकोन विणून बघा, चार इंचांत २२ टाके बसले पाहिजेत. मी म्हटलं, चौकोनात कोण वेळ घालवतंय? संक्रांत जवळ आली! आणि भावाचं माप तरी कसं घेणार? ज्याच्याशी बोलायचंच नाही, त्याला 'हात वर कर' कसं म्हणायचं? घातले ७७ टाके आणि लागले कामाला.

मी तो स्वेटर अभ्यासाच्या वहीखाली, गच्चीवर, पांघरुणात लपून विणला. खालची बॉर्डर एक सुलट, एक उलट. ती रबरासारखी ताणली जाते, म्हणून कमरेशी आणि मनगटाशी घालतात. वर अंगाची वीण, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. मग मुंढा, खांदा, बाह्या, शेवटी गळपट्टी. दुकानातले बहुतेक स्वेटर यंत्रावर विणलेले असतात आणि त्या यंत्रांची सुरुवात फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली या माणसाने १५८९ साली पायमोजे विणायचं यंत्र तयार केलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी इजिप्तमध्ये सुती पायमोजे विणले जात. शेकडो वर्षांपूर्वीचे ते निळे-पांढरे मोजे आजही संग्रहालयांत आहेत. फासातून फास काढायची युक्ती मात्र तेव्हा होती तीच आजही आहे.

संक्रांतीच्या आदल्या रात्री स्वेटर पुरा झाला. सकाळी मी तिळगुळासकट तो भावापुढे धरला. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून नुसताच धरला. त्याने आधी स्वेटरकडे बघितलं, मग आईकडे, आणि काही न बोलता तो डोक्यातून घालायला लागला.

डोकं गळ्यापाशी येऊन अडकलं.

त्याने खाली ओढलं, जाईना. वर ओढलं, निघेना. दोन्ही हात बाह्यांत अर्धे, डोकं आत, वर फक्त शेंडीचे चार केस! मी धावले आणि वरून ओढायला लागले. आतून 'उं, उं' आवाज येत होता. आणि काय झालं कोण जाणे, त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "माझं चुकलं रे. मी तुझा पेपर बाबांना द्यायला नको होता."

आतली धडपड थांबली. मग स्वेटरमधून आवाज आला, "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"ऐकलंय मी. आता आधी बाहेर काढ ना, ताई!"

'ताई' ही हाक मी कितीतरी दिवसांनी ऐकली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. हसून की रडून, ते मात्र मी विचारलं नाही.

पण मित्रांनो, अबोला सुटला तरी स्वेटर तोकडा तो तोकडाच! दुपारी काकूंनी तो हातात घेतला, त्यावर मोजपट्टी ठेवली आणि मला टाके मोजायला सांगितले. चार इंचांत २६ टाके! माझा हात घट्ट. पुस्तकवालीचा हात सैल, तिचे २२. आता हे त्रैराशिक तुम्हीच करून बघा. २२ टाक्यांचे चार इंच, तर ७७ टाक्यांचे किती? बरोब्बर १४ इंच. पुढचा भाग आणि मागचा भाग मिळून २८. आणि माझ्या हाताने? २६ टाक्यांचे चार इंच, तर ७७ टाक्यांचे जेमतेम पावणेबारा-बारा इंच. म्हणजे स्वेटरचा घेर २४ इंचसुद्धा भरत नव्हता. आणि भावाची छाती होती २६ इंच! ती मापायला मला त्याच्यासमोर उभं राहावं लागलं, तेव्हा आणखी एक शोध लागला. तो माझ्या खांद्याला लागला होता. एका घरात राहून तो एवढा कधी वाढला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

श्वास घ्यायला दोन इंच जास्त, म्हणजे २८ इंच घेर हवा. एका भागाला १४ इंच. माझ्या हाताने त्याला ९१ टाके लागणार. म्हणजे स्वेटर पुरा उसवायचा.

माझ्या पोटात गोळा आला. महिन्याभराची मेहनत! पण भावानेच शिवणी सोडवल्या आणि टोक माझ्या हातात दिलं. मी ओढत गेले, तो दोन्ही हात पुढे करून बसला आणि मी त्याच्या हातांभोवती लोकर गुंडाळत गेले. एकट्याने हे काम होत नाही बरं का, निदान खुर्चीची पाठ तरी लागते! उसवलेली लोकर शेवयांसारखी वाकडीतिकडी होते. तिची लडी करून चार ठिकाणी सैलसर दोरा बांधायचा आणि कोमट पाण्यात भिजत ठेवायची. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळत घालायची. मेंढीच्या लोकरीवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळली की ते एकमेकांत गुंततात आणि लोकर आटते. दोन दिवसांत आमची लोकर पुन्हा सरळ झाली.

आता टाके वाढले, तशी लोकर कमी पडायला लागली. दुकानात त्याच रंगाची मिळाली, पण रंगाचा घाणा वेगळा निघाला, शेजारी धरली की फरक दिसायचा. मग मनगटाची बॉर्डर आणि गळपट्टी मी काकूंकडच्या उरलेल्या लाल लोकरीने विणली. गळ्याचे टाके बंद करताना जाड सुई घेतली, म्हणजे गळा सैल राहतो आणि डोकं अडकत नाही!

स्वेटर पुरा झाला तेव्हा १९८९ची महाशिवरात्र आली होती. म्हणजे थंडी 'शिव शिव' म्हणत निघून गेलेली! तरी भाऊ तो घालून दुपारच्या उन्हात क्रिकेट खेळायला गेला. घामाने निथळत परत आला आणि म्हणाला, "मित्र विचारत होते कुठून आणलास. मी सांगितलं, ताईने दोनदा विणलाय."

त्यानंतर मी बरंच काही विणलं. वेण्यांची नक्षी शिकले, दोन रंगांची वीण शिकले, चार-पाच सुयांवर बिनशिवणीचे पायमोजे विणायला शिकले. टाचेचं वळण जमेपर्यंत एक मोजा पाच वेळा उसवला. आता उसवताना पोटात गोळा येत नाही. मात्र चुकीची ओळ लवकर सापडावी असं वाटतं. चार ओळींनी सापडली तर चार ओळी उसवायच्या, चाळीस ओळींनी सापडली तर चाळीस.

आता माझ्या भावाच्या मुलीला विणायला शिकायचंय. मागच्या सुट्टीत तिने विचारलं, "आत्या, स्वेटर कधी सुरू करायचा?" मी तिला सुया दिल्या आणि म्हटलं, "आधी चार इंचांचा चौकोन." तिने तोंड वाकडं केलं. तिच्या बाबांनी मात्र पेपरातून डोकं वर काढून सांगितलं, "ऐक तिचं. नाहीतर डोकं अडकतं."

तुम्हालाही शिकायचं असेल तर घरातल्या, शेजारच्या एखाद्या आजी-काकूंना विचारा. मुलांनो, तुम्हीसुद्धा हं, सुयांना मुलगा-मुलगी कळत नाही. २६ टाके घाला, चार इंच विणा आणि मोजा. तुमचा हात घट्ट की सैल, ते कळेल. आणि तुमच्या घरात सध्या कुणाशी अबोला चालू असेल, तर स्वेटर पुरा व्हायची वाट बघू नका. त्याला दीड-दोन महिने लागतात!